चावी त्याच्या हातात होती

ती घटना आठवली की आजही माझा हात आधी कानांवर जातो. घरात मिक्सर अचानक लागला तरी मी दोन पावलं मागे सरकतो, आणि आमची सौभाग्यवती आलेल्या पाहुण्यांना सांगते, "पोलिसात होते बरं का हे." तिचं चुकत नाही. खात्यात मी शूर म्हणून कधीच ओळखला गेलो नाही. माझी ख्याती व्यवस्थितपणाची. डायरी पूर्ण, पंचनामे वेळेवर, सह्या जागच्या जागी. या प्रकरणातही माझा एकूण एक कागद बरोबर होता, आणि त्या बरोबर कागदांच्या जोरावर मी एका निरपराध पोराला जन्मठेपेकडे नीट चालवत नेत होतो.

मी तेव्हा आष्टी तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पोळ्याचा बंदोबस्त नुकताच संपला होता. पोळ्याला मिरवणुकीत पुढे कोणाची जोडी, यावरून दरवर्षी कुठेतरी डोकी फुटतात. त्या वर्षी एकही फुटलं नाही, म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला फोन करून फुशारकी मारत होतो. तेवढ्यात कडा या बाजारगावाच्या अलीकडच्या एका गावातून पोलीस पाटलांचा फोन आला. भावाने भावाला गाडीखाली घेतलं, लवकर या, एवढंच ते बोलले.

आम्ही पोचलो तेव्हा जखमीला आष्टीला हलवलं होतं. एका धनगराच्या घरालगत मेंढ्यांच्या कोंडवाड्याची दगडी भिंत होती आणि तिच्यात एक जुनी डिझेल गाडी नाक खुपसून उभी होती. गाडीला झेंडूच्या माळा, बॉनेटवर बेगड चिकटवलेली, काचेच्या वर बैलाला बांधतात तसं बाशिंग. मेंढ्या सगळ्या एका कोपऱ्यात दाटल्या होत्या आणि एकही ओरडत नव्हती. गाडीपासून दहा पावलांवर पंचविशीचा एक तरुण मातीत बसला होता. उजवी मूठ घट्ट मिटलेली. आमच्या दोन अंमलदारांनी बोटं एकेक करून उघडली, तेव्हा आत गाडीची चावी निघाली. तळहातात तिचे दाते रुतले होते.

नावं सांगत नाही. गाडी चालवणारा तो धाकटा, आणि भिंतीला चिरडला गेला तो त्याचा चुलत भाऊ थोरला, एवढं पुरे. दोघं एकाच अंगणात वाढलेले. थोरल्याचा बाप लहानपणीच गेला, त्याला काकाने म्हणजे धाकट्याच्या बापानेच वाढवलं. गावाला विचारलं तेव्हा गावाने आदल्या दिवशीची गोष्ट सांगितली. थोरल्याकडे बैलजोडी होती. काकाचे बैल म्हातारे होऊन गेले होते, नवे घेतले नव्हते. चारा, आजारी मेंढ्या, लोकरीची पोती, सगळं ही जुनी गाडीच वाहायची. म्हणून म्हाताऱ्याने पोळा गाडीचा करायचं ठरवलं. तिला धुतली, सजवली, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला आणि मिरवणुकीत उभी केली, नेमकी थोरल्याच्या जोडीपुढे. गाडी मारुतीच्या देवळापर्यंत गेली ती पांढरा-निळा धूर सोडत. थोरला मागून म्हणाला, "तुझा बैल बिडी वढतोय बे. घे मागं." सगळी वेस हसली. धाकट्याने त्याची कॉलर धरली आणि पन्नास माणसांदेखत म्हणाला, "उद्या दावतो तुला."

आणि उद्या हे असं झालं. तपास करायला उरलं काय?

थोरला शुद्धीवर होता. आष्टीहून त्याला नगरला नेलं. तिथे डॉक्टरांचा दाखला घेऊन नायब तहसीलदारांनी त्याचा मृत्युपूर्व जबाब घेतला. मी दाराबाहेर उभा होतो. जबाब चार ओळींचा होता. भावाने गाडी चालू केली, जोरात रेस केली. मी भिंतीपाशी होतो. त्याने चावी काढून काचेतून मला दाखवली, दात काढून हसला, आणि अंगावर घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. आम्ही कलम ३०२ लावलं.

चौकशीत धाकट्याचं एकच पालुपद. गाडी चालू केली, पहिल्या गिअरमध्ये टाकली, क्लच दाबलेलाच होता. इंजिन आपोआप चढायला लागलं. पाय काढला तरी चढतच राहिलं. घाबरून चावी फिरवली, काढूनच घेतली. तरी चालूच.

"चावी हातात व्हती सायब. त्याला वर करून दावली, म्हन्लं काढलीया, बंद होईल आता, तू सरक. अन् क्लच सोडला. हँडब्रेक धरत न्हाई तिचा, गाडी बंद केली की गिअरमधीच ठिवतो आमी. रोजची सवय."

मी त्याला म्हणालो, चावी काढल्यावर गाड्या चालायला लागल्या तर डिझेल पंपवाल्यांनी काय कटोरा घेऊन फिरायचं? ठाण्यातले सगळे हसले. मला आमच्या घरच्यांपेक्षा ठाण्यात जास्त दाद मिळायची, कारण ठाण्यातल्यांच्या रजा माझ्या हातात होत्या.

चौकशीचा एक साधा नियम आहे. तेच पुन्हा पुन्हा विचारायचं, उलटसुलट. खोटं बोलणाऱ्याची गोष्ट दर वेळी सुधारत जाते, तिला पालवी फुटते. याची गोष्ट सुधारत नव्हती. तिसऱ्या दिवशीही तेच शब्द, क्लच सोडल्याची तीच चूक कबूल, तोच शेवट. हे माझ्या लक्षात आलं होतं. मी ते डायरीत लिहिलंही. आणि पान उलटलं. ज्याची कॉलर धरून 'उद्या दावतो' म्हटलं तो दुसऱ्या दिवशी चिरडला जातो, आणि मरताना तो याचंच नाव घेतो. या सगळ्यापुढे पालवीचं काय कौतुक!

गाडीची तपासणी मी करून घेतली होती. मोटार वाहन निरीक्षकांना पत्रात तीन प्रश्न विचारले: ब्रेक लागतात का, स्टेअरिंग चालतं का, ॲक्सिलरेटर अडकतो का. उत्तरं आली: लागतात, चालतं, अडकत नाही. त्यांनी विचारलं तेवढं तपासलं. विचारलं मी. आणि मला गाडीतलं कळतं ते एवढंच, की साहेबाने पुढे डावीकडे बसायचं असतं.

धाकट्याचा बाप रोज सकाळी फडक्यात भाकरी बांधून यायचा. पहारेकऱ्याने ती तपासून आत दिली की आवारातल्या कडुलिंबाखाली संध्याकाळपर्यंत बसून राहायचा. कोणाकडे काही मागायचा नाही. एकाच घरातून एका पुतण्याला अग्नी दिला होता आणि एक मुलगा आत होता. मी ठाण्यात येता-जाता त्याच्याकडे बघायचं टाळत होतो.

आठव्या दिवशी वरिष्ठांची तपासणी ठरली. तपासणी म्हटलं की ठाण्याला चुना आणि आम्हाला घाम. आवारातली जप्तीची वाहनं एका रांगेत लावायची होती. ती गाडी नेमकी फाटकात आणून टाकलेली. मी म्हणालो ढकला. आमचा चालक हवालदार तलवाड्याचा, बोलायला कमी आणि हाताला पक्का. तो म्हणाला, चालू होते का बघतो, रेडिएटर चेपलाय पण पाच मिनिटांचं काम आहे. पंच हजर होते, नोंद केली, चावीचं सील उघडलं. भर दुपारचे बारा. मी स्वतः गाडीपुढे उभा राहिलो, पाठीशी ठाण्याची कुंपणभिंत, आणि हाताने 'ये, ये' करू लागलो. वाहतुकीचा अनुभव नसलेला माणूस हे काम फार आवडीने करतो.

गाडी चालू झाली. दहा-पंधरा सेकंद खडखडली, हवालदाराने थोडी रेस दिली, आणि मग ती आपली आपण चढायला लागली.

तो आवाज मला लिहिता येत नाही. इंजिनाचा आवाज चढतो तसा तो चढला, पण जिथे थांबायला हवा तिथे थांबला नाही. घरघर, मग किंकाळी, मग किंकाळीच्याही वर शिट्टीसारखं काहीतरी, दात शिवशिवणारं. मागून पांढऱ्या धुराचा एवढा लोट आला की ठाण्याची पाटी दिसेनाशी झाली. बॉनेट थरथरत होतं. वाळलेला झेंडू त्यावरून गळून पडत होता. मी हवालदाराकडे पाहिलं. त्याने उजवा हात खिडकीबाहेर काढला होता आणि त्या हातात चावी होती. चावी हातात, आणि गाडी पेटल्यासारखी गर्जत होती.

आणि तो हसत होता.

मला तसं वाटलं. ओठ मागे खेचलेले, सगळे दात दिसत होते, डोळे बारीक. क्षणभर मनात आलं, याला मी मागच्या महिन्यात रजा नाकारली होती. दुसऱ्या क्षणी कळलं की तो हसत नाही. भीतीने माणसाचं तोंड असं होतं. समोरून, काचेतून, धुरातून पाहिलं तर ते हसण्यासारखंच दिसतं.

जमादाराने आवारात पळत येऊन ओरडावं, साहेबाने उडी मारावी, असं काही झालं नाही. हवालदार हातवारे करत होता, सरका म्हणून, आणि मी भिंतीला चिकटून चावीकडे बघत होतो. शेवटी आमच्या महिला अंमलदार बाईंनी मला पट्ट्याला धरून बाजूला ओढलं. पट्ट्याचं बक्कल तुटलं. ते मी नंतर स्वतःच्या खर्चाने बसवलं, कारण अर्जात कारण काय लिहायचं हा प्रश्न होता.

मी सरकल्यावर हवालदाराने दोन्ही पायांनी काम केलं. ब्रेक पूर्ण दाबला, गिअर पाचवीत टाकला आणि क्लच एकदम सोडला. गाडीने वीतभर उडी घेतली, एक आचका दिला आणि मेली. लिंबाखालचा म्हातारा उभा राहिला होता आणि दोन्ही हात जोडून गाडीकडे बघत होता, अंगात आलेल्या माणसाकडे बघावं तसा.

पाणी प्यायल्यावर हवालदाराने मला समजावलं, पोराला शिकवावं तसं. ही जुनी टर्बोची गाडी, चार सिलिंडर, दोन लिटरच्या आतली, अडीच लाख किलोमीटरच्या पुढे चाललेली. टर्बो म्हणजे एक पंखा, धुराच्या जोरावर फिरतो आणि इंजिनात हवा कोंबतो. पेट्रोलच्या गाडीला ठिणगी लागते, चावी काढली की ठिणगी बंद. डिझेलला ठिणगी नसतेच. चावी काढली की फक्त डिझेल बंद होतं. पण इंजिनाचं वंगणाचं तेल जर हवेच्या नळीतून आत जायला लागलं, टर्बोच्या झिजलेल्या सीलमधून म्हणा की तेल जास्त झाल्यामुळे, तर इंजिन तेच जाळतं. मग त्याला ना चावीची गरज ना डिझेलची. स्वतःचंच तेल पीत ते फुटेपर्यंत पळतं.

"म्हणजे पोरगं खरं बोलत होतं," मी म्हणालो.

"तुम्ही पंपवाल्यांच्या कटोऱ्याचं बोलला तवा मीबी हसलो सायब," हवालदार म्हणाला. तो एवढंच बोलला, पण मला दिवसभर पुरलं.

इंजिन निवल्यावर पंचांसमक्ष तेलाची दांडी बाहेर काढली. दांडीवर दोन खुणा असतात, खालची किमान, वरची कमाल. तेल वरच्या खुणेच्या वर चार बोटं होतं. सगळं तेल काढून मोजलं. साडेचार लिटर तेल लागणाऱ्या इंजिनात सहाच्या वर निघालं, आणि तेही दोन वेळा थोडं थोडं जळून गेल्यावर उरलेलं. भिंतीवर आपटून गाडी जागीच बंद पडली, म्हणून पुरावा पोटात राहिला होता.

मी धाकट्याला कोठडीतून माझ्या खोलीत बोलावलं आणि विचारलं, तेल कोणी घातलं? तो म्हणाला, जुनी गाडी तेल पिते, महिन्याला अर्धा लिटर तोच घालायचा. मी म्हणालो, अर्धा नाही, हे दोन लिटर आहे. कधी घातलंस? तो बोलता बोलता थांबला. मान वळवून खिडकीतून लिंबाकडे पाहिलं. त्याचा चेहरा मी सांगत बसत नाही.

"मीच घातलं," तो म्हणाला.

कधी? आठवत नाही. डबा कुठला? हिरवा. मग म्हणाला, न्हाई, पांढरा. का घातलंस एवढं? असंच. आठ दिवस एकही शब्द न बदललेल्या माणसाच्या गोष्टीला पहिल्यांदा पालवी फुटत होती. मी त्याला सांगितलं, तू घातलंस म्हणून लिहिलं, तर सरकारी वकील म्हणतील, गाडी बेफाम व्हावी म्हणूनच घातलंस. खून पक्का होईल.

"होऊ द्या. आबाला इचारू नका. त्यो मरंल."

त्याच्या समोर आता दोन वाटा होत्या: जन्मठेप, किंवा बापाला ते कळणं. त्याने पहिली निवडली होती. मला मात्र निवड नव्हती.

मी लिंबाखाली गेलो आणि म्हाताऱ्याशेजारी बसलो. गाडीचा पोळा कसा केला ते विचारलं. त्याला बरं वाटलं असावं, आठ दिवसांत कोणीतरी सणाचं विचारत होतं. तो सांगू लागला. आदल्या सांजेला खांदेमळणी. बैलाच्या खांद्याला हळद-तेल चोळायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाया या' म्हणायचं. गाडीला खांदा कुठला, म्हणून बॉनेटला हळद लावली. मग पुढे तो म्हणाला, वर्षभर राबलेल्या बैलाला पोळ्याला नळकांड्यानं तेल पाजतात, अंगात ताकद येते. "पोरगं तिला थोडं थोडं तेल देताना मी बघितलं व्हतं. त्यो चिमूटभर देतो. म्हन्लं सण हाय, पोटभर देऊ. मिरवणुकीहून घरी आल्यावर दोन लिटरचा नवा डबा अख्खा पाजला. पोराला सांगितलं न्हाई, म्हन्लं उद्या कशी पळती बघंल."

तो माझ्याकडे बघत राहिला, मग गाडीकडे, मग फरशीवर मोजण्यासाठी ठेवलेल्या तेलाच्या भांड्यांकडे. माणूस शिकलेला नव्हता, पण आयुष्यभर जनावरं पाळलेला होता. जास्त पाजल्यावर पोट फुगलेलं जनावर कसं उधळतं ते त्याला मी सांगायची गरज नव्हती.

शेवटी त्याने विचारलं, पोरगं सुटंल का यानं? मी म्हणालो, तुम्ही जबाब दिलात तर खुनातून सुटेल. तो उठला. मी कागद मागवला, तर म्हणाला, "आदी वैनीला सांगतो. मग तुमच्या कागदाला."

वहिनी म्हणजे थोरल्याची आई. एकच अंगण, दोन दारं, आणि मधे आठ दिवसांचा अबोला. मी त्याला जीपमधून नेलं. सांगतो, दरोडेखोरांच्या वस्तीत शिरताना मला इतकी भीती वाटली नव्हती. आजूबाजूला थोरल्याचे मामा, मावसभाऊ बसलेले, काठ्या हाताशी. म्हातारा उंबऱ्याच्या बाहेरच बसला. डोक्याचा पटका काढून पुढ्यात ठेवला आणि तेलाचं सगळं सांगितलं, डब्यासकट. शेवटी म्हणाला, "पोरानं न्हाई केलं वैनी. माझ्या हातानं झालं."

मामा उठला. बाईंनी नुसता हात वर केला, तो खाली बसला. म्हाताऱ्याला सोडून त्या माझ्याकडे वळल्या.

"सायब, दवाखान्यात माझ्या लेकाचं बोलनं लिवून घेतलं, तवा तुमी व्हता?"

"दाराबाहेर होतो."

"भावानं हसत मारलं, असंच म्हनला न्हवं?"

"होय."

"मंजी माझं लेकरू भावावर राग धरूनच गेलं." त्या म्हणाल्या, "आता त्याला कोन सांगनार?"

मग बाई उठल्या, म्हाताऱ्यापुढचा पटका उचलला, झटकला, आणि त्याच्या हातात दिला.

पुढचं कागदावरचं आहे. नवं पत्र, या वेळी अकरा प्रश्नांचं, निरीक्षकांचा नवा अहवाल, म्हाताऱ्याचा जबाब. खुनाचं कलम गेलं, हयगयीचं राहिलं, पोरगा जामिनावर घरी गेला. घरी जायच्या आधी त्याने माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला. मी मागे सरकलो. त्याला वाटलं असेल साहेब भला माणूस. मला नुसती लाज वाटत होती.

मरणाऱ्याच्या ओठांवर खोटं येत नाही, असं आम्हाला शिकवतात, आणि ते खरं आहे. थोरला खोटं बोलला नाही. त्याने चावी पाहिली, दात पाहिले, अंगावर येणारी गाडी पाहिली, आणि पाहिलं ते सांगितलं. इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते त्याला दिसणार नव्हतं. ते विचारायचं काम माझं होतं, मी जिवंत होतो आणि मला पगार त्यासाठीच मिळत होता. त्यानंतर उरलेल्या नोकरीत, एखादा आरोपी अशक्य वाटणारी गोष्ट न बदलता सांगत राहिला, की मी विनोद करायचं सोडलं आणि ती गोष्ट खरी असेल तर कशी असेल, हे जाणकाराला विचारायला लागलो. चारपाच वेळा तरी त्याचा उपयोग झाला.

पण त्याआधी माझ्या समोरच्या खुर्चीत किती जण बसून गेले, तेच ते सांगत राहिले आणि ठाणं हसलं, ते आठवायला मी कधी बसलेलो नाही. तेवढी हिंमत माझ्यात नाही.